मरीआईच्या घागरीतला थेंब

पटकी डोंगर चढली आणि आमच्या डॉक्टरसाहेबांना तिचा राग आला. रोगावर चिडणारी माणसं मी जन्मभर पाहिली, पण रोग चुकीच्या वाटेने गेला म्हणून चिडलेला माणूस तेवढाच. पटकी पाण्यातून जाते, पाणी उताराला जातं, तेव्हा पटकीनेही उतारालाच गेलं पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आणि इथे मुळशीच्या खोऱ्यातल्या एका गावात माणसं दगावली, तिथली साथ थोडी निवते न निवते तोच वर माथ्यावरच्या धनगरवाडीत लोक मरायला लागले. खालच्यांची नदी वेगळी, वरच्यांचा झरा वेगळा, मध्ये उभी चढण. "पाणी काय पायाने चालत वर गेलं?" असं साहेब मला विचारत. जसं काही मीच ते वाहून नेलं होतं.

ही एकोणीसशे वीसनंतरच्या एका वैशाखातली हकीकत. सन विचाराल तर नक्की सांगता यायचं नाही. खाली धरणाची भिंत अर्धीमुर्धी उभी होती, दुपारी सुरुंगांचे आवाज वाडीपर्यंत येत, आणि कोणाची जमीन बुडणार, कोणाची वाचणार, याखेरीज लोकांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. त्यात ही पटकी, म्हणजे कॉलरा. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. सकाळी शेळ्या सोडून आलेलं धडधाकट माणूस दुपारी उलट्या-जुलाबांनी आडवं होतं. अंगातलं पाणी निघून जातं, दिवसभर धुणं धुतल्यावर व्हावी तशी बोटांची कातडी होते, डोळे खोल जातात. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असते, आणि ते सगळ्यांत वाईट.

मी तेव्हा पंचविशीची होते. पुण्याच्या ब्राह्मण घरातली विधवा, आणि नर्सिंग शिकलेली. "लोकांची घाण उपसायला चाललीस," म्हणून घरच्यांनी तोंड फिरवलं होतं. एका अर्थी बरंच झालं. परत बोलावणारं कोणी नसलं की बाई कुठेही जाऊ शकते. डॉक्टरसाहेब मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून आले होते. रोगी बरे करायला नव्हे, रोगाचा माग काढायला. या दोन्हींत फरक आहे हे मला तेव्हा समजत नव्हतं. बायाबापड्या परक्या पुरुषाला आजाऱ्याच्या अंथरुणाजवळ येऊ देत नसत, म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. साहेबांचा तंबू वाडीबाहेर पठारावर होता, आणि मी उतरले होते वाडीतल्या एका धनगरिणीकडे.

तिला मी मावशी म्हणे. पन्नाशीला टेकलेली, उंच, काटक बाई. नवरा केव्हाच गेलेला. घरात ती, तिच्या शेळ्या, आणि आता मी. तिच्या जिभेला हाड नव्हतं. मी शेळीला भिते हे तिने पहिल्याच दिवशी हेरलं आणि वाडीभर सांगून आली. मी त्यांच्या घरची भाकरी खाते याचं मात्र तिला फार अप्रूप. "पुन्यात कळलं तर तुला वाळीत टाकतील गं," असं म्हणायची आणि आणखी एक भाकरी ताटात टाकायची.

तिला एकच लेक. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, घोटावड्याकडे उतरणाऱ्या वाटेवर एक गाव होतं, तिथे ती दिलेली होती. बऱ्याच नवसांनी मूल झालं होतं. पहिलं बाळंतपण आईकडे करून ती नुकतीच तान्ह्याला घेऊन सासरी गेली होती. मावशीशी पावसापाण्याचं बोला, शेळ्यांच्या खुरांचं बोला, बोलणं फिरून लेकीवर यायचं. नातवाचं नाक आजोबावर गेलंय, हे तर मी इतक्यांदा ऐकलं की त्या न पाहिलेल्या आजोबाचं नाक मला तोंडपाठ झालं होतं.

मी पाणी उकळून पीत असे. सगळ्यांना तसंच सांगतही असे, अगदी घसा बसेपर्यंत. लोक माना डोलवत. पुढे एकदा मावशी सहज म्हणाली, "तुमच्यात असतंय तसं. आमच्यात न्हाई." मला आधी कळेचना. मग उलगडा झाला. वाडीला वाटत होतं की पाणी उकळणं हे माझं सोवळं आहे! बामणाची विधवा, कोणी कांदा खात नाही, कोणी लसूण खात नाही, ही कच्चं पाणी पीत नाही. दुसऱ्याच्या सोवळ्याचा मान ठेवावा, आपण ते पाळायची काय गरज? मी कपाळाला हात लावला.

झऱ्यात औषध टाकायचं तर त्याचीही बंदी. वाडीतली जाणती माणसं साहेबांना म्हणाली होती, आई वाडीत आलीय, ती जाईपर्यंत पाण्यात काही घालायचं नाही, ती कोपेल. ती गेली की काय हवं ते टाका. आई म्हणजे मरीआई. साहेबांनी पुष्कळ समजावलं, शेवटी हात टेकले.

वाडीच्या वेशीवर उंबराखाली एक वेताची पाटी मांडली होती. पाटीत शेंदूर फासलेला लाकडी ठोकळा, हिरवा खण, बांगड्या, लिंबं. खाली सपाटीवर मरीआईचा गाडा करतात. डोंगरात गाडा कुठला चालायला, म्हणून पाटी. साथ आली की हे मांडायचं आणि ठरल्या दिवशी वाजतगाजत नेऊन पुढच्या गावाच्या शिवेवर ठेवून यायचं. आई पुढे गेली की रोग तिच्यामागून जातो. पुढच्या गावाने तिला आणखी पुढे लावायचं. एवढं मला माहीत होतं, पुण्याच्या आसपास वाढलेल्या कोणालाही असतं. पण पाटीशेजारी एक मातीची घागर होती, तिच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

एका सकाळी मावशीबरोबर तिथून जाताना मी पाहिलं, की जिच्या घरात आदल्याच दिवशी माणूस गेलं होतं अशी एक बाई ओंजळीत पाणी घेऊन जपून जपून आली आणि ते घागरीत सोडून निघून गेली. मी मावशीला विचारलं, हे काय?

"ज्या घरात मरी शिरली त्या घरचं पानी हितं आनून घालायचं. मंजी तिथनं ती उठती आन् हितं यिऊन बसती."

"आणि मग घागरीचं काय करता?"

"आईसंगं जाती. वाटंला तान लागंल न्हवं तिला."

"आणि पुढच्या गावात?"

"ती मानसं वततात त्येंच्या पान्यात. आईचं पानी भुईवर सांडू न्हाई, पायदळी येतं. पान्याचं पानी पान्यात जायाला होवं."

मी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे खालच्या खोऱ्यातून आई आली, तेव्हा घागर आली होती?"

"व्हय की," मावशी म्हणाली, आणि ती हे अभिमानाने म्हणाली हे मी विसरू शकत नाही. "म्याच वतली झऱ्यात. आमच्या घराचा मान हाय त्यो."

मी तंबूकडे धावत सुटले. नेसूच्या काष्ट्याचं भान नाही, पायात वहाण नाही, दगडगोट्यांतून धावले. साहेब दाढी करत होते. मी धापा टाकत सांगितलं. त्यांच्या हातातला वस्तरा तसाच राहिला, अर्ध्या गालाला साबण तसाच. मग ते हसायला लागले. "पायानेच चालत गेलं की हो पाणी! डोक्यावर बसून, वाजतगाजत!" त्यांचा आनंद पाहून मी चाट पडले. माझ्या डोळ्यांसमोर मावशीने ओतलेली घागर होती आणि तिच्यानंतर वाडीत उचललेल्या तिरड्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर कोडं सुटलं होतं.

घागरीतलं पाणी मिळणं कठीण जाईल असं वाटलं होतं, पण घागरीवर हक्क मावशीच्या घराचा, आणि मावशी म्हणाली, "घ्या थेंबभर. आई काय येवढ्यानं उनी व्हनार न्हाई." साहेबांनी ते पाणी काचेच्या नळ्यांत घातलं. जंतूंना खाऊ म्हणून एक पातळसं सार करतात, ते त्या नळ्यांत असतं. एरवी नळ्या उबेत ठेवायला पेटी लागते, पण वैशाखाच्या उकाड्याने तिचं काम फुकटात केलं. दुसऱ्या दिवशी वर तवंग आला. त्यातला थेंब काचेवर घेऊन साहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, बराच वेळ पाहिलं, आणि मला जागा करून दिली.

शिकताना मी त्या जंतूंची चित्रं पाहिली होती. वाकडे, स्वल्पविरामासारखे. पण चित्रातले हलत नाहीत. हे भराभर पळत होते, एकमेकांना ओलांडून, वळून, पुन्हा पळून. एवढ्याशा थेंबात एवढी घाई! वाडीत गेलेल्या माणसांना मी शेवटचं पाणी पाजलं होतं, त्यांची तोंडं पुसली होती, आणि ज्याने त्यांना नेलं ते हे, आत्ता, माझ्या डोळ्याखाली खेळत होतं.

"तुमच्या मावशीला बोलवा," साहेब म्हणाले. "पाहू दे तिला. एकाने जरी डोळ्यांनी पाहिलं तरी पुरे."

मावशी आली. आधी तिने चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग मी तिच्या एका डोळ्यावर हात धरला. एकदा दिसल्यावर मात्र ती हलेना.

"ह्ये?"

"हेच," साहेब म्हणाले. "तुमच्या वाडीला मारतंय ते हेच. आणि ते घागरीत आहे. हा घागरीतलाच थेंब आहे."

"माशावानी पळत्यात," मावशी म्हणाली.

मला वाटलं, आता ती हादरेल. आपण झऱ्यात काय ओतलं हे तिला कळेल, ती ऊर बडवून घेईल. तिला कसं सावरायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. मावशीने डोळा काढला आणि साहेबांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मंग आमी काय येगळं म्हनत हुतो? मरी घागरीत बसती हे आमाला ठावं न्हाई व्हय? म्हनून तर धाडतो."

"अहो, पण पुढच्या गावातली माणसं?" मी ओरडलेच.

"त्येंनी फुडं धाडायची."

"आणि धाडीपर्यंत मरतील ती?"

"आमची मेली न्हवं?"

या लोकांना काही कळत नाही असं मी धरून चालले होते. शिकवलं की सुधारतील, दाखवलं की थांबतील. त्यांना सगळं कळत होतं! कोणीतरी मरणार हे धरूनच घागर निघायची, फक्त ते कोणीतरी आपलं नसावं एवढंच मागणं. आणि हे कोण करत होतं? मला हाताने भाकरी वाढणारी बाई. अज्ञान असतं तर मी समजून घेतलं असतं. याला काय म्हणावं हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"मावशी," मी म्हणाले, "उद्या-परवा घागर निघेल ती तुमच्या लेकीच्या गावाला ना?"

तिने पुन्हा काचेला डोळा लावला, या वेळी स्वतःच, बरोबर. डोळा तसाच ठेवून म्हणाली, "आमाला वाटायचं, आई जाती. आईला दया येती. लेकुरवाळीला सोडून द्या म्हनलं तर सोडती बी." मग उठली, पदर सारखा केला. "आता ह्या किड्याला कुटं हात जोडू?" आणि ती निघून गेली.

साहेब खूश होते. असं ऐकणारं माणूस भेटावं म्हणून ते कित्येक गावं हिंडले होते. नळ्या पुसता पुसता ते म्हणाले, "आता एकच बाकी. पुढच्या गावचं पाणी मी आधी तपासून ठेवलंय, स्वच्छ आहे. घागर गेल्यावर पुन्हा तपासायचं. तिथे हे जंतू सापडले की कोणाला तोंड उघडायला जागा नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "म्हणजे घागर जाऊ द्यायची?"

"मी कुठे पाठवतोय? ते पाठवतायत. मी फक्त पाहणार."

"माणसं मरतील, साहेब."

"मी औषधपाण्यासकट तिथे असेन. आणि हे सिद्ध झालं तर किती गावं वाचतील याचा विचार करा, बाई."

हे ते अगदी सौम्यपणे म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. आजाऱ्याला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी येताना मी पाहिलं होतं. म्हणूनच मला जास्त धडकी भरली. मावशी म्हणते, आमची मेली, आता त्यांची मरोत. हे म्हणतात, आज यांची मरोत, उद्या इतर वाचतील. घागर दोघांचीही जाणारच. मी भीडभाड सोडून म्हटलं, "तुमची मुलगी त्या गावात दिली असती तर तुम्ही नुसतं पाहिलं असतं का?" साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "तुम्ही जाऊ शकता," ते म्हणाले. मी गेले. उद्याच गाठोडं बांधून पुण्याला जायचं, हे ठरवूनच गेले.

सकाळी उठून पाहते तर साहेब स्वतः मावशीच्या दारात उभे. हातात औषधाची पेटी. डोळे तारवटलेले. "चला," म्हणाले, "पलीकडच्या गावाला. घागर जायच्या आत तिथलं पाणी बंदोबस्तात आणू." त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. मावशी तेव्हा शेळ्यांना बांधत होती. तिने आम्ही कुठे जातोय ते विचारलं नाही, आम्हीही घाईत सांगितलं नाही.

उतरताना मला साहेबांबद्दल पुन्हा आदर वाटायला लागला होता. एवढा मोठा पुरावा हातचा सोडणं सोपं नव्हतं त्यांना. आम्ही शेळ्यांची जवळची, उभी वाट सोडून लांबच्या पायवाटेने उतरलो, पेटी जड होती म्हणून. गावात पोचलो, पाटलाला गाठलं. वरच्या वाडीची मरी घागरीत बसून तुमच्याकडे येतेय, ती अडवायची आहे, एवढं म्हणायचा अवकाश, सगळं गाव गोळा झालं. दुसऱ्याची मरी अडवायला कोण नको म्हणेल? विहिरीत औषध पडलं, पाणी जांभळं झालं, पोरं ओरडायला लागली. घागर शिवेवरच साहेबांच्या ताब्यात द्यायची आणि ती चुन्यात पुरायची, हेही पाटलाने कबूल केलं. इतकं सुरळीत काम मुळशीच्या डोंगरात आमचं कधी झालं नव्हतं.

मला वाटलं, आता मावशीच्या लेकीला भेटावं, तान्ह्याला पाहावं, आणि वर जाऊन मावशीला सांगावं, की निर्धास्त राहा. आजोबाचं नाकही पाहायचं होतं. घर विचारत गेले. साहेबही आले बरोबर. दारात लेकीची सासू सुपात नाचणी पाखडत बसली होती.

"सून न्हाई घरात," ती म्हणाली. "आयचा सांगावा आला काल सांजला. असशील तशी पोराला घिऊन ये, हितं आता धोका न्हाई म्हनं. आज उजाडताच शेळ्यांच्या वाटंनं गेली म्हायेरी."

मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी माझ्याकडे. दोघांच्याही ते एकाच क्षणी ध्यानात आलं. मावशीने डोळ्यांनी पाहिलं होतं, की वाडीला मारणारे जीव घागरीत आहेत. घागरीत आहेत, तर झऱ्यात नाहीत. घरोघरचं पाणी घागरीत जमा झालं, घागर आता लेकीच्या गावी निघणार, मग लेकीसाठी या डोंगरात सुरक्षित जागा कोणती? आईचं घर.

"मी तिला घागरच दाखवली," साहेब म्हणाले. "झरा दाखवलाच नाही. तो तिला कळेलच असं..."

मी तो डोंगर कसा चढले ते मला ठाऊक नाही. मध्ये एकदा पडले, गुडघा फुटला, हे नंतर रक्त पाहून कळलं. वाटभर मनात एकच: ती अजून पाणी प्याली नसेल. नुकतीच पोचली असेल. पोराला पाजत असेल. शेजारणींशी बोलत असेल. वैशाखाच्या उन्हात तान्हं घेऊन डोंगर चढून आलेली मुलगी पाणी प्यालेली नसेल, असं मी स्वतःला समजावत होते. माणूस किती खुळं होतं.

मावशी उंबऱ्यात उभी होती. मला पाहून तिचं तोंड फुललं. इतके दिवस तिच्याकडे राहिले, पण तिला इतकी आनंदात मी पाहिली नव्हती.

"बग, आली माजी लेक! सायबाला सांग, म्या ध्येनात ठिवलं समदं. घागर जायाच्या आदीच तिला काडून आनली."

आत लेक भिंतीला टेकून बसली होती. उन्हाने लालेलाल, घामाने डबडबलेली, कोवळी मुलगी. मांडीवर तान्हं झोपलेलं. शेजारी गुळाचा खडा आणि तांब्या. तांब्या आडवा पडला होता.

"पाणी दिलंत?" मी विचारलं.

"दिलं की. गूळपानी. उनातनं आल्याली," मावशी म्हणाली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं. "का गं?"

काय सांगणार होते मी तिला? पण सांगितलं. सांगावंच लागलं, कारण तान्ह्याच्या तोंडाला ते पाणी लागू द्यायचं नव्हतं. मी बोलत असताना मावशी झऱ्याच्या दिशेला बघत होती.

ठरल्याप्रमाणे पाटी आणि घागर वाजतगाजत गेली, आणि शिवेवर साहेबांऐवजी पाटलाने ती घागर चुन्यात पुरून घेतली. मावशी गेली नाही. तिच्या घराचा मान दुसऱ्या कोणी केला. लेकीला त्याआधीच उलट्या-जुलाब लागले होते. साहेबांनी शीर उघडून मिठाचं पाणी चढवलं, होतं नव्हतं ते सगळं चढवलं. ज्यांनी रोग्याला हात लावायचा नाही असं ठरवून संशोधन धरलं होतं, ते तिच्या उशाशी बसून राहिले, उलट्या स्वतः पुसल्या. मुलगी शुद्धीवर होती. पोर कुठाय, हे ती परत परत विचारत होती, आणि मी ते लांबून दाखवत होते. दिवस मावळताना ती गेली.

तान्हं वाचलं. शेळीच्या दुधावर वाढलं, आणि मावशीने ते दूध अखेरपर्यंत उकळून पाजलं. लेकीच्या गावात पटकीने एकही माणूस गेलं नाही. लेक सासरी असती तर तिला शिंकसुद्धा आली नसती. विज्ञान खोटं ठरलं नाही, हे खरं. साहेबांनी सांगितलेला शब्दन् शब्द खरा होता. त्याच खऱ्याने हे झालं, हा धक्का मात्र मला इतक्या वर्षांत पचलेला नाही.

वाडीने मग झऱ्यात औषध टाकू दिलं. आई गेली होती ना. आम्ही तंबू उतरवायला लागलो तेव्हा मावशी आली, तान्ह्याला कडेवर घेऊन. साहेबांना तिच्यासमोर उभं राहवेना, ते तसेच पेटीवर बसून राहिले. ती शिव्या देईल, असं मला वाटलं. मनातून वाटत होतं, द्याव्यात. तिने पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "सायब, ह्या वाडीत तुमचं कुनीबी खरं मानलं न्हाई. यकट्या म्याच मानलं."